चार पावलांवरची नोकरी

माझी वहिनी नर्स आहे. आमच्या घरात ही गोष्ट कुणाला ताप आला की सगळ्यांना आठवते आणि ताप उतरला की सगळे विसरतात. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण ज्यानं काढली, त्याच्या घरात नक्कीच एखादी नर्स सून असणार.

तिच्या सवयी ऐकल्यात तर ती कशी आहे ते कळेल. खुर्चीत ती पाठ टेकवून बसत नाही. कडेवर बसते, उठायला बरं म्हणून. तिच्या हातात हात दिला की तिची बोटं आपोआप मनगटावर सरकतात आणि नाडी शोधतात. भाजीवाल्याकडून सुटे घेतानासुद्धा तिनं एकदा हे केलं होतं आणि तो बिचारा लाजला होता. वेळ विचारली तर ती मनगटाकडे बघत नाही, छातीकडे बघते, कारण तिचं घड्याळ तिथे उलटं टाचलेलं असतं. चादरीचे कोपरे गादीखाली असे काही खोचते की रात्रभर लोळलं तरी सुटत नाहीत. माझा दादा म्हणतो, "मी पलंगावर झोपतो की पाकिटात?" दादा विनोद बरे करतो. त्याच्याबद्दलचं चांगलं मी आधीच सांगून टाकलं.

मी कपडे शिवते. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे जाऊन पडले, त्यामुळे माहेरच्या भानगडींतून माझी कधी सुटकाच झाली नाही. दुकान माझंच आहे, आणि वहिनीचे युनिफॉर्म पहिल्यापासून मीच शिवते. वहिनी आणि मी एकाच वयाच्या. एकमेकींना अगं-तुगंच करतो. माझी खोड काढायची असली की तेवढी ती मला "वन्सं" म्हणते.

आधी ती एका छोट्या प्रसूतिगृहात होती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या झाल्या, नजर गेली आणि त्यांनी दाराला कुलूप लावलं. वहिनी काही महिने घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, तर आईचे गुडघे, दादाचे डबे आणि बबडीचा अभ्यास यांच्यात फिरत राहिली. बबडी म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक लेक. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. मग एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. मिळत नव्हती तेव्हा एकही नाही आणि आल्या तेव्हा जोडीनं.

एक नोकरी कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात. आमच्या माहेरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा जिना दिसतो, इतकं जवळ. पण ड्युटी फिरती. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची, मग रात्रीची, आणि पुन्हा तेच रहाटगाडगं. दुसरी नोकरी नदीपलीकडे, डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथे फक्त दिवसाची ड्युटी, सकाळी जायचं, चारला सुटायचं, रविवारी सुट्टी. मात्र बसनं तासाच्या वरचा रस्ता, जाताना आणि येताना. पगाराचं म्हणाल तर उन्नीस-बीसचा फरक.

हे घरात कुणाला कळायच्या आधी वहिनी माझ्या दुकानात आली ती हातात कापड घेऊनच. फिकट निळं, चांगल्या पोताचं. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात निळा युनिफॉर्म असतो. कोपऱ्यावरच्यांचा पांढरा.

"म्हणजे ठरलं तर," मी म्हटलं.

"अजून सांगायचंय घरी. तू माप तर घे."

मी फीत घेऊन तिच्याभोवती फिरत होते. विचारलं, "रोज एवढा प्रवास झेपेल का गं? उभ्यानं जाऊन पुन्हा दिवसभर उभंच राहायचं?"

"उभ्यानं नाही. ती बस इथूनच सुटते, आपल्या मागच्या रस्त्यावरून. पहिला स्टॉप. खिडकीची जागा मिळते." मग आरशातल्या माझ्याशी बोलावं तसं म्हणाली, "तासभर मला कुणी हाक मारणार नाही. घरचं नाही, हॉस्पिटलचं नाही. जाताना एक तास, येताना एक तास."

"आणि त्या तासात करणार काय?"

"काही नाही. तेच तर!"

तेव्हा मला कळलं की सगळं जग ज्याला त्रास म्हणतं त्याच्यासाठीच वहिनी ती नोकरी मागत होती. मला हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली. जिला पाठ टेकवून बसायला बसचं तिकीट काढावं लागतं तिच्या सासरचं मी माहेर म्हणते.

रविवारी सकाळी घरात चर्चा बसली. दादाची पद्धत अशी की तो सगळ्यांना विचारतो. मग स्वतःच्या मनात असतं तेच करतो आणि म्हणतो, सगळ्यांना विचारूनच केलं. मीही गेले होते, कापडाचं गुपित पोटात घेऊन.

वहिनी म्हणाली, "चारला सुटले की सव्वापाचला मी घरात. रोज. बबडी शाळेतून येते त्याच सुमाराला. आणि रात्री घरातच."

दादानं मान हलवली. "ते ठीक आहे. पण येण्याजाण्यात रोज दोन-अडीच तास फुकट जाणार. तेवढ्या वेळात घरातलं किती काम उरकेल, याचा विचार केलास?"

तो विचार तिच्याशिवाय त्या घरात कुणीच केला नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिले, मनात म्हटलं बोल, आत्ता बोल की मला ते दोन तास हवेत म्हणून. पण असं कुठल्या तोंडानं सांगणार? दमते म्हटलं तर लोकांना कळतं, पाय दुखतात म्हटलं तरी कळतं. मला थोडा वेळ कुणाचीही नसलेली बाई व्हायचंय, असं म्हटलं तर पलंगावर झोपवून ताप बघतील.

आई आपल्या खुर्चीतून म्हणाली, "दुरून डोंगर साजरे. मोठं हॉस्पिटल, मोठं हॉस्पिटल म्हणायचं आणि रोज धक्के खात जायचं. हे कसं चार पावलांवर आहे. काही लागलं-सवरलं तर हाक मारली की आली. माझी साखर कधी वर, कधी खाली. घरात नर्स असून मी एकटी पडून राहायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"आई, पण फिरती ड्युटी आहे तिथे," मी म्हटलं. "रात्रपाळीला जाऊन ती दिवसा झोपणार केव्हा?"

"तू तुझ्या घरचं बघ."

हे ऐकायला मी दोन गल्ल्या चालून गेले होते. बबडीलाही विचारलं, न्याय म्हणून. तिनं आधी आजीकडे बघितलं आणि मग म्हणाली, "जवळचं." झालं. सगळ्यांना विचारून झालं.

सोमवारी वहिनीनं नदीपलीकडच्यांना नाही म्हणून कळवलं. माझ्याकडे पांढरं कापड आलं. निळ्याची घडी मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. ती परत मागेल म्हणून नाही, परत कुणाला द्यावी ते सुचेना म्हणून.

आता एक गोष्ट सांगते जी आमच्या घरात कुणाला माहीत नव्हती, आणि वहिनीला माहीत होती. नर्सची ड्युटी घड्याळावर संपत नाही. पुढच्या पाळीची सिस्टर येते, तिला प्रत्येक रुग्णाजवळ उभं राहून सगळं सांगायचं, याला काय दिलं, त्याचं काय राहिलं, याच्यावर नजर ठेव. त्याला 'ओव्हर देणं' म्हणतात. ओव्हर घ्यायला माणूस आलं नाही तर जागचं हलायचं नाही. पुढची सिस्टर आजारी पडली, तिचं मूल धडपडलं, तिची बस चुकली, की आधीची तिथेच. आणि अशा वेळी हॉस्पिटल पहिल्यांदा कुणाला बोलावतं? जी सगळ्यांत लांब राहते तिला? तिथल्या मेट्रनबाईंना पहिल्या महिन्यातच कळलं की नव्या सिस्टरचं घर जिन्यातून दिसतं. संपलं! तिचं नावच पडलं, जवळच्या सिस्टर. "कोण आलं नाही? बरं, जवळच्या सिस्टरना बोलवा."

आधी फोन यायचे. मग वहिनी कधीकधी फोन उचलायला उशीर करायला लागली, आंघोळीला गेले होते म्हणायला लागली. तेव्हा त्यांनी मावशींना पाठवायला सुरुवात केली. मावशी म्हणजे वॉर्डातल्या साफसफाई करणाऱ्या बाई, स्वभावानं गरीब. दारात उभ्या राहून त्या अपराध्यासारखं म्हणायच्या, "सिस्टर, मेट्रनबाईंनी बोलावलंय. मी तरी काय करू?" मग पिठाचे हात धुऊन वहिनी निघायची. मावशींना नाही म्हणणं तिला कधीच जमलं नाही. मेट्रनबाईंना हे बरोबर ठाऊक होतं.

आणि रस्ता चार पावलांचा असला की तो दोन्ही बाजूंनी चालतो. घरून बबडीला वॉर्डात पाठवलं जायचं. आजीचं मलम कुठे आहे? बाबांचा निळा शर्ट इस्त्रीला दिलाय का? गॅसवाला आलाय, काय सांगू? एका बाजूला सलाइनची बाटली संपत आलेली आणि दुसऱ्या बाजूला लेक गॅसचं विचारतेय. एकदा मी तिथे कापलेल्या बोटाचे टाके काढायला गेले होते. तेव्हा बघितलं, वहिनी एका म्हाताऱ्याला इंजेक्शन देता देता मुलीला सांगत होती, "वरच्या कप्प्यात, डाव्या हाताला." म्हाताऱ्यानं डावा हात पुढे केला. तिघंही हसली. मला काही हसू आलं नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात तर ती दिवसा घरात असायची, म्हणजे घराच्या दृष्टीनं मोकळीच असायची. डोळा लागला की आई दारातून विचारायची, "झोपलीस का गं?" या प्रश्नाला होय असं उत्तर देता येत नाही, हे आईला त्या वयातही कळलं नव्हतं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. वहिनीचे केस कानाजवळ पांढरे झाले. पायांच्या शिरा फुगल्या. मी तिचे युनिफॉर्म दर वेळी थोडे आत घ्यायला लागले. ती तक्रार करायची नाही, हीच माझी तिच्याबद्दलची तक्रार होती. मी चिडून म्हणायचे, "एकदा तरी भांड." ती म्हणायची, "भांडायला बसावं लागतं. बसले तर झोप लागेल मला."

मग आईच्या साखरेचा तो दिवस आला.

वहिनीची सकाळची ड्युटी होती, दोनला संपणारी. ती आली की आईला वाढायची. कुणी वाढल्याशिवाय आई जेवत नाही. स्वयंपाक झाकून ठेवलेला असतो, ताट हाताशी असतं, चालता येतं, सगळं येतं, पण स्वतः वाढून घेतलं तर सून असून काय उपयोग? त्या दिवशी आईनं आपलं साखरेचं इंजेक्शन घेतलं आणि वाट बघत बसली. दुपारची सिस्टर काही आली नाही. दोन वाजले, अडीच झाले. बबडीचं कॉलेज त्या दिवशी लवकर सुटलं म्हणून बरं. ती घरी आली तर आजी घामानं भिजलेली, डोळे अर्धे मिटलेले, भलतंच काहीतरी बरळत होती.

पोर धावत वॉर्डात गेली. वहिनी एकटी होती, आणि एक माणूस नुकताच ऑपरेशनहून बाहेर आलेला, त्याचा रक्तदाब सारखा खाली जात होता. डॉक्टर वर होते, त्यांना निरोप गेला होता. तिनं मुलीचा खांदा धरला आणि सांगितलं, "ऐक. आजीला पाणी पाजू नकोस, ठसका लागेल. साखर घे, बोटावर घे आणि तिच्या गालाच्या आतून हिरड्यांना चोळ. चोळत राहा. शेजारच्या काकांना हाक मार आणि खुर्चीत बसवून इथे आणा. पळ." आणि ती त्या माणसाकडे वळली. हे मला बबडीनं सांगितलं. म्हणाली, "आत्या, आईचा आवाज अगदी शांत होता. पण माझ्या खांद्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते."

शेजारच्या काकांनी आणि आणखी कुणीतरी आईला खुर्चीसकट उचलून आणलं. शीर वहिनीनंच शोधली, सुई तिनंच लावली, पहिल्या झटक्यात. ग्लुकोज गेलं, आई शुद्धीवर आली. मी पोचले तेव्हा ती डोळे उघडून सगळ्यांकडे बघत होती. दादाही ऑफिसातून आला होता, घामाघूम. तो ऑपरेशनवाला माणूसही वाचला, पण ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

आई बोलायला लागली तेव्हा तिनं पहिलं वाक्य काय बोलावं?

"मेले असते मी. ही चार पावलांवर, आणि मी तिथे मरत होते. त्यापेक्षा ती लांबची नोकरी घेतली असतीस, तर निदान रोज ठरलेल्या वेळेला घरी आली असतीस. माणसाला तुझा भरवसा तरी असता."

मला वाटलं, आता छप्पर कोसळेल. वहिनी पलंगाच्या कोपऱ्यात चादर खोचत होती. तिचे हात थांबले. तिनं दादाकडे बघितलं. फक्त बघितलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की आई, आपणच तिला ही नोकरी घ्यायला लावली. दहा शब्दही लागले नसते.

दादा म्हणाला, "जाऊ दे ना आई. तिला तेव्हा प्रवासाचा कंटाळा आला. घेतली जवळची."

आणि वाईट हे की तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं! इतक्या वर्षांत त्यानं पाहुण्यांना, ऑफिसातल्यांना, सोयऱ्यांना इतक्यांदा तसं सांगितलं होतं की त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा असत्या तर मी चोराला पकडलं असतं. इथे चोराला चोरीच आठवत नव्हती.

मी तोंड उघडलं. वहिनीनं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग तिनं चादरीचा कोपरा नीट दुमडला, गादीखाली खोचला आणि घड्याळ हातात धरून बाटलीतले थेंब मोजायला लागली.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "ते निळं कापड आहे का अजून?"

मी स्टुलावर चढून घडी काढली. घडीच्या रेषेवर रंग थोडा उडाला होता, बाकी कापड जसंच्या तसं होतं.

"शीव," ती म्हणाली. "तिथे जागा निघालीय. मी अर्ज टाकलाय. बोलावलंय त्यांनी गुरुवारी. घरी कुणाला बोलू नकोस."

"आधी नोकरी तर मिळू दे."

"तू शीव गं. शिवलेलं असलं तर मला मागे फिरता येणार नाही."

मी शिवला. सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवून शिवला. खिसे नेहमीपेक्षा खोल ठेवले, छातीपाशी घड्याळ टाचायला आतून दुहेरी पट्टी दिली. इतक्या मनापासून मी माझे स्वतःचे कपडेसुद्धा कधी शिवले नाहीत.

गुरुवारी तिची सुट्टी होती. घरी सांगितलं, बाजारात जाते. मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. मागच्या रस्त्यावर बस उभी होती, रिकामी. ती दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि पाठ टेकवली. पूर्ण टेकवली. बस सुटली. मला उत्साह आवरेना. मी सुरू केलं, ते काय विचारतील, तू काय सांगशील, पगाराचं आधी बोलून घे, आणि मेट्रनबाईंना तू असं तोंडावर सांग की...

"वन्सं," ती खिडकीतून नजर न हलवता म्हणाली, "गप्प बसता का जरा?"

मी गप्प बसले. दुकानांची दारं उघडत होती, एक बाई पायरी धूत होती, मग पूल आला, पाणी आलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आनंद नव्हता की विचार नव्हता. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचा रिकामा चेहरा पहिल्यांदाच बघत होते. तरुण दिसत होती.

हॉस्पिटल छान होतं. आत बोलावणारी बाई निळ्या युनिफॉर्ममध्येच होती, बोलायला गोड. कागद बघून म्हणाली, "अनुभव फारच चांगला आहे तुमचा. राहता कुठे?"

वहिनीनं सांगितलं.

त्या बाईंचा चेहरा पडला. "अरेरे. काय आहे सिस्टर, आता आमचंही बदललंय. अचानक कुणी आलं नाही तर लगेच माणूस लागतं. म्हणून आता आम्ही जवळपास राहणाऱ्यांनाच घेतो. तुम्ही फार लांब राहता हो."

"पण दिवसाचीच ड्युटी ना?" वहिनीनं विचारलं.

"नावाला," ती बाई म्हणाली आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखी हसली.

आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांवर वहिनी थांबली आणि हसायला लागली. कठडा धरून हसली. "लांब राहते मी," म्हणाली. "ऐकलंस? मी लांब राहते." येणारेजाणारे बघत होते. हसता हसता तिनं डोळे पुसले. मला तेव्हा इतका राग आला होता की कुणावर काढावा ते कळेना. म्हणून मी समोरच्या चहावाल्याशी चहा पाणचट आहे यावरून भांडले. तोही बिचारा खालमानेनं ऐकून घेत राहिला.

परतीच्या बसमध्येही खिडकी मिळाली. पूल आला आणि तिच्या पिशवीतला फोन वाजला. मेट्रनबाईंचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. दुपारची सिस्टर आली नाहीये, सुट्टी आहे माहीत आहे, पण जरा या, तुम्ही काय, जवळच.

वहिनी म्हणाली, "मी लांब आहे."

"लांब? कुठे लांब?"

"खूप लांब आहे," ती म्हणाली आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. एवढ्या वर्षांत हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलली आणि ते खरंही होतं. तिनं डोकं काचेला टेकवलं आणि डोळे मिटले. मी सांगते, मला त्या क्षणी नोकरी मिळाल्याइतका आनंद झाला. म्हटलं, नाही मिळाली तर नाही, एवढा एक रस्ता तरी तिचा झाला.

बस आमच्या मागच्या रस्त्याला लागली तशी ती आपोआप जागी झाली. आम्ही घरी गेलो. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"बरं झालं आलीस. मावशी येऊन गेल्या. कुठे लांब गेलीयस म्हणत होत्या. मी म्हटलं, कसली लांब! बाजारात गेलीय, आली की लगेच पाठवते. चार पावलांवर तर आहे."

वहिनी उंबऱ्यात उभी राहिली. निळ्या युनिफॉर्मची पिशवी तिनं माझ्या हातात दिली. आत जाऊन हातपाय धुतले, पांढरे कपडे घातले, घड्याळ टाचलं. ती निघणार तेवढ्यात आई म्हणाली, "आणि मला वाढून जा. तुझ्यासाठी थांबलेय मी मघापासून. इंजेक्शन घेऊन झालंय माझं."

डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, इंजेक्शन घेतलं की कुणासाठी थांबायचं नाही. वहिनीनं ताट वाढलं, आईच्या पुढ्यात ठेवलं, तिचा हात हातात घेतला आणि बोटं मनगटावर ठेवून, घड्याळाकडे बघत, आई दुसऱ्या हातानं चार घास खाईपर्यंत उभी राहिली. मग गेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती जिना चढताना दिसली. कठड्याला धरून, एकेक पायरी.

आई जेवता जेवता म्हणाली, "बघ, जवळ असल्याचा हा फायदा. गेली आणि पोचलीसुद्धा."

मी पिशवी उचलली आणि माझ्या घरी आले.